नगाला सत्तर रुपये: एका कुर्त्याचं प्रकरण

हे प्रकरण 2024 च्या पावसाळ्यातलं आहे. सिंधुदुर्गातल्या एका महाविद्यालयात मी वस्त्रशास्त्र आणि फॅशन डिझाईन शिकवते. शेवटच्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीचा प्रकल्प माझ्या मार्गदर्शनाखाली होता आणि त्यातल्या ‘नैतिक उत्पादन’ या भागाला मी दहापैकी नऊ गुण दिले होते. ते गुण चुकीचे होते. चूक कुठे झाली हे नीट मांडून ठेवलं तर पुढच्या मुलींना आणि शिकवणाऱ्यांनाही उपयोग होईल, म्हणून हे लिहिते आहे. विद्यार्थिनी, तिची काकी, ठेकेदार, दुकान यांपैकी कुणाचंच नाव देत नाही. रकमा आणि मिनिटं मात्र आमच्या वहीत आहेत तशीच आहेत.

प्रकल्प

मुलगी कुडाळच्या अलीकडच्या एका खेड्यातली. घरची भातशेती, थोडी काजू, आंब्याची सात कलमं. आजोबा परळच्या गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यांतले एक. संप मिटेल म्हणून दोन वर्षं खोलीवर काढली आणि मग गावी आले ते कायमचे. कोकणात अशी घरं वाडीवाडीत आहेत. महिन्याच्या मनीऑर्डरीवर चूल पेटायची आणि मनीऑर्डर कापडाच्या गिरणीतून यायची. कापडामागे राबणारा माणूस कोण, हे आमच्या मुलींना पुस्तकातून कळायची गरज नसते. तो घरात ओटीवर बसलेला असतो.

विद्यार्थिनीने पुण्यातल्या एका छोट्या दुकानात दोन महिने उमेदवारी केली. दुकान ‘सावकाश फॅशन’वालं: हातमागाचं कापड, मोजके नग, ओळखीची गिऱ्हाइकं. तिथे तिचा एक कुर्ता मालकीणबाईंना इतका आवडला की त्यांनी गणपतीच्या आधी विकायला साठ नगांची ऑर्डरच दिली. मुलीने एकच अट घातली, की शिवणकाम तिच्या गावातच व्हावं. काम गावच्या बायकांना मिळेल, मालाला ‘कोकणातला’ म्हणता येईल आणि प्रकल्पालाही एक खरं उत्पादन मिळेल. मला ही कल्पना फार आवडली. आजही आवडते.

कुर्ता असा होता. दुधाळ पांढऱ्या रंगाचं हातमागाचं सुती कापड. पुढच्या भागावर छातीपर्यंत चौदा पिनटक, म्हणजे कापडाला अगदी बारीक घडी घालून काठाकाठाने मारलेली टीप. ओव्हरलॉक, म्हणजे कापडाची कड दोऱ्याने गुंफणारी मशीनची टीप, कुठेच नाही. सगळ्या शिवणी फ्रेंच: आधी उलट्या बाजू आत ठेवून सुलट बाजूने जोडायचं, कडा छाटायच्या, कापड पालटून पुन्हा शिवायचं, की आतला धागा दिसत नाही आणि उसवतही नाही. खालचा घेर हाताने दुमडून शिवलेला. गळ्याला कापडाचे चार लूप आणि नारळाच्या करवंटीची चार बटणं.

तिच्या अहवालात यातल्या प्रत्येक गोष्टीला कारण होतं. फ्रेंच शिवणीने कपडा जास्त वर्षं टिकतो. ओव्हरलॉकचा पॉलिएस्टर दोरा टळतो. करवंटी इथलीच, प्लास्टिक नको. हातमाग म्हणजे विणकराला काम. या सगळ्या कारणांवर मी हिरव्या शाईने बरोबरच्या खुणा केल्या होत्या.

वर्गात आम्ही राणा प्लाझा शिकतो. ढाक्याजवळच्या सावरमधली आठ मजली इमारत 24 एप्रिल 2013 ला कोसळली, 1,134 माणसं गेली. आदल्याच दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकानं बंद ठेवली गेली. वरच्या मजल्यांवरच्या शिलाई कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं, कारण मालाची तारीख होती. तिरुपूरही शिकतो: रंगाई कारखान्यांच्या सांडपाण्याने नोय्यल नदीची झालेली दशा आणि 2011 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ते कारखाने बंद करण्याचा दिलेला आदेश. मुली उत्तरं छान लिहितात. मग त्यांच्या डोक्यात पक्कं बसतं की अन्याय म्हणजे मोठा कारखाना, उंच इमारत, रंगीत नदी. ओटीवरच्या पायमशीनपाशी तो शोधायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. मीही सांगितलं नव्हतं.

काम कसं खाली उतरलं

दुकानाने शिवणकामाचे नगाला 130 रुपये ठरवले आणि काम कुडाळच्या एका ठेकेदाराकडे दिलं. हा गृहस्थ एरवी शाळांचे गणवेश शिवून घेतो. पाच-सहा गावांत मिळून चाळीसेक बायका त्याच्यासाठी घरी शिवतात. त्याचा कटिंग मास्टर कापड बेततो, कापलेल्या भागांचे गठ्ठे मोटारसायकलवरून घरोघर जातात आणि शिवलेला माल आठवड्याने गोळा होतो. त्याच्याकडे दराची एक चिठ्ठी आहे, लॅमिनेट केलेली. ‘साधा कुर्ता 70. अस्तराचा कुर्ता 100.’ आपल्या कुर्त्याला अस्तर नव्हतं, म्हणून तो साधा ठरला.

चौदा पिनटक, दुहेरी शिवणी, हातशिलाई, लूप, या सगळ्यासकट तो साधा कुर्ता.

पाच बायकांना काम वाटलं गेलं. त्यांतली एक विद्यार्थिनीची सख्खी काकी. तारीख ठरली शनिवार, 24 ऑगस्ट. गणपती 7 सप्टेंबरला होते आणि दुकानाला दोन आठवडे विक्रीसाठी हवे होते. पहिले गठ्ठे जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात गावात आले.

कोकणात राहणाऱ्याला इथेच खटकायला हवं. जुलैचा दुसरा आठवडा म्हणजे लावणीचा भर. तरवा, म्हणजे भाताची रोपं, काढायचा, चिखल करायचा, लावायचं. गडी मिळत नाहीत म्हणून घरच्या बायकाच ओणव्या. काकी पहाटे पाचला उठायची. शेतातून दुपारी एकला आली की जेवण करून दीड ते चार मशीनवर. मग गुरं, संध्याकाळचा स्वयंपाक, आणि रात्री नऊ ते बारा पुन्हा मशीनवर. ठेकेदाराच्या भाषेत याला ‘फावल्या वेळातलं काम’ म्हणतात, आणि खेदाची गोष्ट अशी की काकीसुद्धा तसंच म्हणते. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या झगड्यामुळे 10 जून 1890 पासून गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळाली. तिच्या सासऱ्याने मुंबईत ती आयुष्यभर उपभोगली. काकीच्या आठवड्यात रविवार म्हणून वेगळा दिवस नाही.

दुसरी अडचण पाण्याची. ऐन पावसात आमच्याकडे सगळं ओलसर असतं. मिठाला पाणी सुटतं, कपाटातल्या चपलांवर बुरशी येते, मशीनची सुई रात्रीत गंज धरते. दुधाळ पांढऱ्या कापडावर टाचण्यांनी खुणा करून गठ्ठा दोन दिवस तसाच राहिला की टाचणीच्या जागी तपकिरी ठिपका उमटतो. पहिल्या छत्तीस नगांतले पाच नग ठेकेदाराने याच ठिपक्यांसाठी परत केले. दर शून्य. बायकांनी लिंबू-मीठ चोळून, ऊन नाही म्हणून चुलीच्या धगीवर वाळवून, त्यांतले तीन वाचवले. दोन गेले.

हा रंग कुणी निवडला? विद्यार्थिनीने, मे महिन्यात, पुण्यातल्या दुकानाच्या खिडकीपाशी बसून. रंग तिचा, दमटपणा पावसाळ्याचा, आणि नुकसान मशीनवर बसलेल्या बाईचं. ही साखळी मी अहवाल तपासताना बघायला हवी होती. कोकणातच जन्मले, वाढले, आणि कागदावर ‘दुधाळ पांढरा’ वाचून पुढे गेले.

कार्ड

प्रत्येक कुर्त्याला सुतळीने बांधायचं एक जाड कागदाचं कार्ड होतं. मजकूर विद्यार्थिनीचाच: ‘कोकणातल्या महिलांनी प्रेमाने शिवलेला.’ ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात छापलेल्या कार्डांचा गठ्ठा घेऊन ती काकीकडे गेली. काकीने चष्मा कपाळावरून खाली घेतला, एक कार्ड उजेडाकडे धरलं आणि विचारलं, “ह्या कोणी लिवल्यान गो?”

“मीच, काकी.”

काकी हसली. रागाने नाही, अगदी सहज. “प्रेमान खय शिवलंय, बाय? शनवारच्या भियान शिवलंय.”

मुलगी दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडे आली. खुर्चीत बसेपर्यंत तिचे डोळे भरले होते. काकीच्या बोलण्याचं तिला वाईट वाटलं नव्हतं. कोपऱ्यात पडलेले दोन डागाळलेले कुर्ते तिने तेव्हाच प्रथम पाहिले होते आणि सत्तर रुपये हा आकडाही तेव्हाच प्रथम ऐकला होता. तिला 130 माहीत होते. मधले साठ कुठे गेले हे तिने कधी विचारलं नव्हतं, आणि मीही तिला विचारलं नव्हतं.

मी तिला म्हटलं, आधी घड्याळ घेऊन बस, मग बोलू.

ओटीवरची 118 मिनिटं

ती तीन दिवस काकीच्या ओटीवर बसली. मशीन खिडकीला लावलेलं, कारण पावसात दुपारीही आत काळोख असतो. पांढऱ्या कापडावर पांढरा दोरा, त्यात मळभ. काकी पिनटकची घडी डोळ्यांनी बघतच नव्हती. डाव्या हाताच्या अंगठ्याच्या नखाने कापडावर रेघ ओढायची आणि बोटांच्या टोकांनी घडीची जाडी चाचपत टीप मारत जायची. चौदा वेळा. एखादी घडी केसाएवढी जाड झाली तरी शेजारच्या दोन घड्या तिरक्या दिसतात आणि तिन्ही उसवाव्या लागतात. दुसऱ्या दिवशी दुपारी असंच झालं. काकीने जुन्या ब्लेडने एकेक टाका कापून सुताचे तुकडे फुंकरीने उडवले आणि पुन्हा नख फिरवलं. उसवायला अकरा मिनिटं गेली. ती अकरा मिनिटं कुठल्याच दरात नसतात.

पहिल्या दिवशी मोजलेला कुर्ता 97 मिनिटांत झाला. तो आम्ही हिशोबातून काढला, कारण पुतणी बघते आहे म्हणून काकी मान वर न करता शिवत होती. पाणी प्यायलाही उठली नव्हती. वेळ मोजायला बसलं की असं होतंच, कारखान्यातही होतं. पुढच्या तीन कुर्त्यांची सरासरी धरली: 118 मिनिटं. त्यांत पिनटकला 24, फ्रेंच शिवणींना 29, घेराच्या हातशिलाईला 21, आणि गळा, बाह्या, खिसे, लूप, बटणं, धागे कापणं या सगळ्याला मिळून 44.

यात वीज जाण्याचा वेळ धरलेला नाही. त्या तीन दिवसांत पाच वेळा वीज गेली. मोटर बंद पडली की पट्टा बदलून पायाने चालवायचं. बॉबिन भरणं नाही, सुई मोडणं नाही, कंबर ताठ करायला उठणं नाही. कारखान्यात मोजलेल्या मिनिटांवर या सगळ्याची सवलत चढवतात आणि मग प्रमाणित मिनिटं काढतात, ज्याला तिथे ‘सॅम’ म्हणतात. आम्ही पंधरा टक्के धरले. म्हणजे एका कुर्त्याला साधारण 136 मिनिटं.

ही सवलत बाजूला ठेवून, नुसत्या 118 मिनिटांचा हिशोब बघा. सत्तर रुपयांतून दोरा, सुई, तेल, वीज यांचे चार रुपये वजा केले की 66 उरतात. तासाला साडेतेहतीस रुपये. आठ तास सलग शिवलं तर दिवसाला 268. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 297 रुपये होती. ज्या कामाला कसलंही कौशल्य लागत नाही असं सरकार धरून चालतं, त्या खोदाईच्या कामाला 297. आणि नखाने घडी मोजणाऱ्या, बत्तीस वर्षं मशीनवर बसलेल्या बाईला 268. सवलतीसह धरलं तर आणखी कमी. गावात आंब्याच्या हंगामात बाईमाणसाला दिवसाचे चारशे मिळतात, वर दुपारचा चहा.

आकडे मांडून झाल्यावर मुलीने वही मिटली आणि म्हणाली, “मॅडम, फ्रेंच शिवण माझी कल्पना होती.”

मला या प्रकरणात हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. साधी शिवण आणि ओव्हरलॉक ठेवलं असतं तर 29 मिनिटांऐवजी 13 लागली असती. कपडा टिकावा, पर्यावरणाला सोसावं, या चांगल्या हेतूने तिने प्रत्येक नगात सोळा मिनिटं वाढवली. दर ‘साधा कुर्ता’ म्हणून आधीच ठरलेला होता, त्यामुळे ती सोळा मिनिटं काकीच्या झोपेतून आली. गिऱ्हाइकाला टिकाऊपणा मिळाला, दुकानाला गोष्ट मिळाली, विद्यार्थिनीला माझे नऊ गुण मिळाले. डिझाईन शिकणारी मुलगी कागदावर रेघ ओढते तेव्हा ती कुणाची तरी मजुरी ठरवत असते, आणि आमच्या अभ्यासक्रमात त्या रेघेपुढे मिनिटं लिहायला जागाच नाही. कापडाचा खप सेंटिमीटरपर्यंत काढायला शिकवतो. वेळेचा रकाना कारखान्यात नोकरी लागली तरच भेटतो, आणि तिथे तो कमी कसा करायचा एवढंच शिकवतात.

कायदा काय म्हणतो

वर्गात एका मुलीने विचारलं की काकी कामगार आहे का. प्रश्न चांगला होता. तेव्हा लागू असलेल्या किमान वेतन अधिनियम, 1948 मध्ये ‘कर्मचारी’ या शब्दाच्या व्याख्येत घरी माल नेऊन दुसऱ्याच्या धंद्यासाठी तयार करून देणारी व्यक्तीही धरलेली होती. त्याच कायद्याच्या 17 व्या कलमाचा आशय असा होता, की नगावर काम असलं आणि नगाचा वेगळा किमान दर ठरलेला नसला, तरी वेळेच्या हिशोबाने ठरलेल्या किमान वेतनापेक्षा कमी देता येत नव्हतं. म्हणजे ‘नगावर आहे, त्यात वेळेचा काय संबंध’ हे ठेकेदाराचं नेहमीचं उत्तर कायद्याला मान्य नव्हतं. घरी बसून काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1996 मध्ये 177 क्रमांकाचा करार केला. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही.

पण वेळेचा हिशोब मागायचा तर वेळेची नोंद हवी. काकीकडे हजेरीपत्रक नाही, पावती नाही. ठेकेदाराच्या वहीत तिच्या नावापुढे फक्त नगांचा आकडा. मिनिटं कुणीच लिहीत नाही आणि त्यामुळे कायद्यातली तरतूद कागदावर राहते. तक्रार करायची का, हेही आम्ही पाचही बायकांना विचारलं. पाचही नको म्हणाल्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं: गणवेशाचं काम याच माणसाकडून येतं, तेही गेलं तर मशीनवर धूळ बसेल. आम्ही तिथेच थांबलो. त्यांच्या वतीने शूर होण्याचा अधिकार मला नव्हता.

काय केलं

त्या दिवशी 36 नग शिवून झाले होते, 24 उरले होते, हातात सोळा दिवस.

आधी मुलीने स्वतःचा कुर्ता पुन्हा हातात घेतला. हे तिला फार जड गेलं. चौदा पिनटक तिच्या आईच्या लग्नातल्या ब्लाऊजवरून आलेले होते. ते सहावर आणले. घेराची हातशिलाई काढून मशीनची बारीक दुमड घेतली. चार लूपऐवजी दोन. फ्रेंच शिवण ठेवायची की नाही यावर आमचा वाद झाला. मी काढ म्हणत होते. काकी मध्ये पडली. म्हणाली, शिवण राहू दे, या कापडाचे धागे सुटतात, ओव्हरलॉकने चार धुण्यांत फाटेल आणि नाव माझं खराब होईल. कापडाबद्दल तिचं म्हणणं माझ्यापेक्षा बरोबर होतं. शिवण राहिली. नव्या कुर्त्याला 86 मिनिटं लागली. सवलत धरून 99.

मग दर. बायकांना आम्ही विचारलं, दिवसाचे किती सुटले तर परवडतं. आंब्याच्या हंगामाइतके, म्हणजे चारशे, असं उत्तर आलं. त्या हिशोबाने नव्या कुर्त्याचे दोरा-सुईसकट 86 रुपये होतात. जुन्या, चौदा पिनटकच्या कुर्त्याचे 117 झाले असते. मिळत होते 70. तफावत 47 रुपये. कुर्त्याची दुकानातली किंमत 2,450. म्हणजे फरक किमतीच्या दोन टक्केही नाही. हा आकडा मी वर्गात फळ्यावर लिहिला आणि बराच वेळ पुसला नाही.

ठेकेदाराकडे मी स्वतः गेले. जाताना राग होता, येताना तो जरा पातळ झाला. त्याने वही उघडून दाखवली. 130 मधले 70 बाईला, 14 कटिंग मास्टरला, 9 इस्त्री आणि पॅकिंगला, 8 पुण्याच्या वाहतुकीला, 6 गठ्ठे वाटायच्या पेट्रोलला. उरले 23. त्यातून खोलीचं भाडं आणि खराब मालाचा भार. तो श्रीमंत होत नव्हता. त्याची खरी भीती वेगळी होती आणि ती त्याने लपवली नाही: “मॅडम, ह्या पाच जणींना नव्वद दिले तर उरलेल्या पस्तीस जणी उद्या दारात उभ्या राहतील. गणवेशात मला कोण वाढवून देणार?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शाळेच्या गणवेशाचा दर ठरतो तो सगळ्यात कमी निविदेवर, आणि ती निविदा मंजूर करणाऱ्या समितीत आमच्यासारखेच शिक्षक असतात.

दुकानाच्या मालकीणबाई फोनवर आधी दुखावल्या. त्यांना खरोखर वाटत होतं की 130 चांगले आहेत. शिवणारीला 70 मिळतात हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. कापडाचे 525, शिलाई 130, बटणं-कार्डाचे 35, हजारावरच्या कपड्याला तेव्हा असलेला 12 टक्के जीएसटी, लक्ष्मी रोडच्या मागचं भाडं, न विकलेला माल, हे सगळं त्यांनी सांगितलं. ते खोटं नव्हतं. शेवटी उरलेल्या 24 नगांना 130 ऐवजी 150 द्यायला तयार झाल्या, ठेकेदाराने आपले साठच ठेवायचे आणि बाईला 90 द्यायचे या बोलीवर. आधीच्या 36 नगांची तफावत द्यायला मात्र नाही म्हणाल्या. ती 1,692 रुपये होत होती. मुलीने ती आपल्या उमेदवारीच्या मानधनातून द्यायचं ठरवलं आणि पैसे घेऊन काकीकडे गेली. काकीने घेतले नाहीत. “तुझे पैशे नको माका. ज्याचो माल, तेना देवचे.” काकीने नकार दिला याचा मला आनंद झाला. विद्यार्थिनीच्या खिशातून ती रक्कम भरली गेली असती तर सगळ्यांचं मन हलकं झालं असतं आणि दराच्या चिठ्ठीवरचा सत्तरचा आकडा तसाच राहिला असता.

कार्डावरून शेवटपर्यंत जमलं नाही. मुलीने नवा मजकूर लिहिला: ‘हा कुर्ता शिवायला 86 मिनिटं लागली. शिवणारीला 90 रुपये मिळाले.’ मालकीणबाई म्हणाल्या, असं छापलं तर गिऱ्हाईक उरलेल्या 2,360 रुपयांचा हिशोब विचारेल. मुलगी म्हणाली, विचारू दे. ते कार्ड छापलं गेलं नाही. ‘प्रेमाने’ हा शब्द मात्र तिने काढायला लावला. जुन्या छत्तीस कार्डांवर तिने स्वतः बसून त्यावर करवंटीच्या रंगाची पट्टी चिकटवली.

माल 24 ऑगस्टला सकाळी कुडाळहून निघाला.

त्यानंतर

अंतिम सादरीकरणात तिने दोन कुर्ते शेजारी टांगले, चौदा पिनटकचा आणि सहाचा, आणि पॅटर्नच्या कागदावर प्रत्येक रेघेपुढे मिनिटं लिहिली. बाहेरून आलेल्या परीक्षकांपैकी एकांनी विचारलं की हे डिझाईन आहे की हिशोब. दुसऱ्या बाई, ज्यांनी वीस वर्षं निर्यातीच्या कारखान्यात काम केलं होतं, त्या सहा पिनटकच्या कुर्त्यापाशी बराच वेळ उभ्या राहिल्या आणि घेराची दुमड उलटून बघत राहिल्या. तिला गुण चांगले मिळाले. मी माझे जुने नऊ बदलले नाहीत, ते नोंदलेले होते. पण पुढच्या वर्षापासून माझ्या मार्गदर्शनाखालच्या प्रकल्पात पहिला नग विद्यार्थिनीने शिवायचा आणि दुसरा नग जी बाई शिवणार तिच्या घरी बसून मोजायचा, असा नियम केला आहे. एका मुलीने यंदा तक्रार केली की त्याने डिझाईन साधं होत जातं. होऊ शकतं. तिला मी म्हटलं, चौदाच्या चौदा पिनटक ठेव, फक्त त्याचे पैसे कोण देणार ते आधी लिही.

दिवाळीच्या आधी ठेकेदाराने पाचही जणींना गणवेशाचे गठ्ठे टाकले, जुन्याच दराने. कुर्त्याचं नवं काम आलं ते अस्तराचं, शंभर रुपयांचं, वेगळ्या दुकानासाठी. काकीने ते घेतलं. मी ऑक्टोबरात तिच्याकडे गेले तेव्हा मशीनशेजारच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर, तारखांच्या चौकटींत, बारीक पेन्सिलीने आकडे दिसले. मला वाटलं दुधाचा हिशोब. तो नव्हता. काकीने प्रत्येक नग सुरू केल्याची आणि संपल्याची वेळ लिहून ठेवली होती, मध्ये वीज गेली तिथे एक फुली. शेजारच्या दोघीही आपापल्या कॅलेंडरवर तसंच लिहितात म्हणाली. अस्तराच्या कुर्त्याला किती लागतात, असं मी विचारलं.

“तीन झाले की सांगतंय,” ती म्हणाली, आणि पट्टा चढवून पुन्हा मशीनवर बसली.